कोल्हापूरचे राजवाडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी वर्षातून दोन-तीनदा तरी बाहेरगावचे पाहुणे उतरतात. अंबाबाईचं दर्शन आटोपलं, चपला खरेदी झाली, की पुढचा विषय ठरलेला असतो, राजवाडा. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तीच तीच उत्तरं इतक्यांदा दिली आहेत, की एकदा बसून लिहून काढली.

राजवाडा नेमका कुठे आहे?

रिक्षात बसून नुसतं "राजवाडा" म्हणालात, तर रिक्षावाला मान वळवून विचारेल, "जुना का नवा?" जुना राजवाडा म्हणजे भवानी मंडप. अंबाबाईच्या देवळापासून चालत पाच मिनिटं. नवा राजवाडा, ज्याला निम्मं गाव 'न्यू पॅलेस' म्हणतं, तो शहराच्या उत्तरेला, कसबा बावड्याच्या वाटेवर. पोस्टकार्डावर आणि मोबाइलच्या फोटोंत दिसतो तो नवा. गावच्या रोजच्या जगण्यात जो मुरलाय तो जुना.

याशिवाय रंकाळा तळ्याकाठी शालिनी पॅलेस आहे. आणि कसबा बावड्यात लक्ष्मी-विलास पॅलेस आहे, जिथे २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. तिथे आता त्यांचं स्मारक आहे. बडोद्याच्या लक्ष्मीविलासशी याचा घोळ करू नका. आमच्या एका पाहुण्यांनी केला होता आणि एवढासा वाडा बघून ते पार हिरमुसले.

कोल्हापूर ही राजधानी कधी झाली?

गादी आधी आली, राजधानी मागाहून. १७०० साली छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर वारले. त्यानंतर महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाशी लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये औरंगजेब गेला, मुघलांनी संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांना सोडलं आणि भाऊबंदकी उभी राहिली. साताऱ्याची गादी शाहूंकडे गेली. ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर आपली वेगळी गादी मांडली. पण चारच वर्षांनी, १७१४ मध्ये, सवत राजसबाईंनी त्यांना आणि त्यांच्या मुलाला बाजूला सारून आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन वेगळी राज्यं झाली.

या सगळ्या काळात कारभार पन्हाळ्यावरून चाले. डोंगरावरचा किल्ला लढाईच्या दिवसांत सोयीचा, पण पेठ, देऊळ, व्यापार आणि पंचगंगेचं पाणी खाली कोल्हापुरात. अखेर १७६२ ते १८१३ असं दीर्घ राज्य केलेल्या शिवाजी महाराजांच्या काळात राजधानी खाली उतरली. भवानी मंडपाच्या राजवाड्याला खरं महत्त्व आलं ते तेव्हापासून.

हे शिवाजी महाराज कितवे, असं विचारू नका. कोल्हापूरची मोजणी वेगळी, इतिहासाच्या पुस्तकांतली वेगळी. मी या पानावर कोल्हापूरच्या मोजणीने चाललोय.

राजे यायच्या आधी इथे काय होतं?

बरंच. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचं टेकाड आहे. १९४५-४६ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि सातवाहन काळातलं नांदतं गाव वर आलं. सापडलेल्या वस्तूंत ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, ब्राँझची छोटी मूर्ती होती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडचा माल घाट चढून इथवर पोचत होता. ही मूर्ती टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. हाताच्या पंजात मावेल एवढीच आहे, आणि लोक तिच्यासमोरून तोफा बघायला निघून जातात.

मग चालुक्य, त्यांच्यामागून शिलाहार. शिलाहारांच्या शेवटच्या मोठ्या राजाचा, दुसऱ्या भोजाचा, मुक्काम पन्हाळ्यावर. तेराव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या सिंघण यादवाने त्याचा पाडाव केला. पुढे बहामनी, आदिलशाही. पन्हाळ्याचा तीन दरवाजा आदिलशाहीतला. त्याची नक्षी बघितल्याशिवाय नव्या राजवाड्यावर बोलू नये, असं माझं मत आहे. कारण 'मुसलमानी' आणि 'हिंदू' कारागिरी एका दगडात घालायचं काम इंग्रजांनी सुरू केलं असा समज आहे. दख्खनच्या पाथरवटांना ते कित्येक पिढ्या अंगवळणी पडलेलं होतं.

जुन्या राजवाड्यात बघण्यासारखं काय आहे?

आधी नगारखाना बघा. काळ्या दगडाचा, बुवासाहेब महाराजांच्या काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. खालून येजा चालू असते, स्कूटरीसुद्धा जातात. वर बघायला कुणाला सवड नसते. कमानीखाली क्षणभर थांबा आणि मान वर करा.

आत मंडपात तुळजाभवानीचं देऊळ. भोसल्यांची ही कुलदेवता, आणि राजवाड्याच्या पोटात तिचं घर. मराठा वाड्याची हीच रीत. देवडी ओलांडायची, चौकात यायचं, चौकाभोवती सोपे, मध्ये किंवा कडेला देव. वाडा आतल्या बाजूला तोंड करून बसलेला असतो. बाहेरून दिसते ती भिंत आणि दार. महिरप आणि सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब मराठा वाड्यांनी मुघल आणि दख्खनी सुलतानांकडून उचलले, पण चौक सोडला नाही.

मंडपात शाहू महाराजांचा पुतळा आहे, भुसा भरलेले प्राणी आहेत. आजूबाजूला शाळा, तालीम, दुकानं. मोतीबाग तालमीची पोरं पहाटे घामाघूम होऊन याच आवारातून बाहेर पडतात. राजवाडा म्हणून तिकीट काढून बघायची ही जागा नाही. त्यामुळे पाहुण्यांचा विरस होतो. माझा उलट जीव रमतो.

मग नवा राजवाडा बांधायची गरज का पडली?

जुना वाडा ऐन गर्दीत, पेठांच्या मधोमध. आणि १८५७ ताजं होतं. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला. डिसेंबरात शहराचे दरवाजे बंद करून पुन्हा बंड झालं. इंग्रजांनी ते चिरडलं. तेव्हाच्या महाराजांचे भाऊ चिमासाहेब यांच्यावर संशय ठेवून त्यांना कराचीला नेऊन ठेवलं, ते परत आलेच नाहीत. अशा शहराच्या पोटातला, चौकाच्या आत चौक असलेला वाडा इंग्रज अधिकाऱ्यांना रुचणं अवघड होतं. मोकळ्या माळावर, चारी बाजूंनी दिसेल असा 'पॅलेस' त्यांच्या पसंतीचा. हा माझा तर्क आहे, पण दोन्ही जागा एका दिवसात पाहिल्यात तर तुम्हालाही पटेल.

तो कुणी आणि कधी बांधला?

१८७७ ते १८८४. आराखडा मेजर चार्ल्स मँट याचा. हा इंग्रजी लष्कराच्या रॉयल इंजिनियर्सचा माणूस. अजमेरचं मेयो कॉलेज त्याचं, बडोद्याच्या लक्ष्मीविलासचा मूळ आराखडाही त्याचाच. कोल्हापूरचं टाउन हॉल त्यानेच याआधी, १८७२ ते १८७६ च्या दरम्यान उभं केलं होतं. म्हणजे राजवाड्याचं काम अंगावर घेईपर्यंत कोल्हापूरचा दगड त्याच्या ओळखीचा झाला होता.

आणि खरं सांगायचं तर 'बांधला' हे क्रियापद मँटला लावताना जीभ अडखळते. कागद त्याचा. घण, छिन्नी आणि घाम इथल्या पाथरवटांचा. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

कुठल्या राजाने बांधून घेतला?

हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो, आणि माझ्या मते राजवाड्याची सगळी गोष्ट याच्याच उत्तरात आहे.

काम सुरू झालं तेव्हा गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. १८७१ साली दत्तक आले तेव्हा लहान मूल. कारभार त्यांच्या हातात कधी आलाच नाही. तो इंग्रजांच्या देखरेखीखाली चाले आणि पुढे दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडे होता. महाराजांना वेड लागल्याचं जाहीर झालं. त्यांचा छळ होतोय अशी कुजबुज पुण्यापर्यंत पोचली. टिळक-आगरकरांनी केसरी आणि मराठा या पत्रांतून बर्व्यांवर टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि १८८२ मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. टिळकांचा हा पहिला तुरुंगवास, कोल्हापूरच्या राजापायी.

महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं होतं. तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय विशीच्या आसपास. पुढच्या वर्षी राजवाडा पुरा झाला.

ज्याच्यासाठी वाडा उभा राहिला तो राजा त्यात नांदलाच नाही. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातला जेमतेम दहा वर्षांचा मुलगा, यशवंतराव, दत्तक आला. तेच शाहू महाराज. नवा राजवाडा आणि नवा राजा एकाच साली कोल्हापूरला मिळाले. घुमट बघून आ वासणाऱ्या पाहुण्यांना मी एवढं ऐकवतोच.

इटलीतल्या कुठल्याशा बागेत कोल्हापूरच्या राजाची छत्री आहे, ते खरं का?

अगदी खरं. चौथ्या शिवाजी महाराजांच्या आधीचे छत्रपती, दुसरे राजाराम, विलायतेच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. विशी जेमतेम ओलांडलेली. आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला. तिथे पुढे घुमटाची छत्री उभारली, आत त्यांचा रंगवलेला अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा कुणाचा? याच मेजर मँटचा. म्हणजे कोल्हापूरच्या राजासाठी हिंदुस्थानी घुमट काढायचा सराव त्याने आधी इटलीतल्या स्मारकावर केला, आणि राजवाडा त्यानंतर.

इंडो-सारसेनिक शैली म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

'सारसेन' हा युरोपातला मुसलमानांसाठीचा जुना शब्द. तेव्हा शब्दशः अर्थ 'हिंदी-मुसलमानी'. पण ही शैली कुठल्याच हिंदी राजाने वा सुलतानाने काढलेली नाही. ती इंग्रज इंजिनियरांनी एकोणिसाव्या शतकात जुळवली. देशी राजाची इमारत देशी दिसावी, पण आतली सोय विलायती असावी, असा तो हिशेब.

न्यू पॅलेससमोर उभे राहा आणि नजर खालून वर न्या. सगळ्यात खाली पोर्च, बग्गी येऊन थांबेल असा. हा विलायती. दोन्ही हातांना सारख्या पसरलेल्या बाजू, मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ. हेही विलायतीच. आमच्या वाड्यांना असली तराजूतली मांडणी नसते. आता कमानींकडे या. पाकळ्या पाकळ्यांच्या. छज्जे, झरोके, बाहेर आलेले सज्जे राजस्थान-गुजरातकडचे. सज्ज्याला खालून पेलणारे कोरीव दगडी हात जैन देवळांत शोभतील असे. वर घुमट आणि छत्र्या.

इथे एक गंमत आहे. जैन वळण म्हणून जे दिसतं ते गुजरातकडचं. आणि कोल्हापूर परिसर स्वतः जैनांचं जुनं ठाणं. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ याच जिल्ह्यात खिद्रापूरला आहे, ४८ खांबांच्या स्वर्गमंडपाचं, ज्याच्या मधोमध छत उघडं ठेवलंय. मँटला दारातला खजिना सोडून गुजरातेतून कोरीवकाम का आणावंसं वाटलं? आराखडा करताना त्याच्यासमोर 'हिंदी राजा' होता, 'करवीरचा छत्रपती' नव्हता, असं मला वाटतं. राजवाडा देखणा आहे यात वाद नाही. पण तो बडोद्यातही शोभला असता.

मग त्यात कोल्हापूरचं काय आहे?

दगड. आपला काळा फत्तर, सह्याद्रीचा. ज्या दगडाची अंबाबाई, ज्याचा नगारखाना, त्याच जातीचा. मऊ वालुकाश्मात सहज निघणारी नक्षी या कठीण दगडात काढायची म्हणजे छिन्नीला दुप्पट काम. एखाद्या कोपऱ्यावरून हात फिरवा. कड अजून बोटाला लागते. पावसाळ्यात सरीनंतर तो तेल चोळल्यासारखा काळा होतो. मी पाहुण्यांना जुलैत बोलावतो ते यासाठीच, मग ते छत्र्या सांभाळत कुरकुरेनात का.

आणि दुसरं म्हणजे दरबार हॉल.

दरबार हॉलमध्ये काय विशेष?

दोन मजले उंच दालन. देवळातल्यासारखे खांब, त्यांना जोडणाऱ्या पाकळीदार कमानी, आणि कमानींत रंगीत काचा. वर सज्जा, त्याला बिडाचे कोरीव आधार, म्हणजे थेट विलायती कारखान्याचं युग. एका टोकाला सिंहासन. आता काचांकडे बघा. युरोपातल्या चर्चमध्ये अशा काचांवर ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र असतं. इथे शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. चर्चचं तंत्र, देवळाचे खांब, इस्लामी कमान, आणि मध्ये आमचे महाराज. सकाळचं ऊन काचेतून आलं की ते रंग खाली उतरतात. शाळेच्या सहलीतल्या एका पोराला मी त्या उजेडात हात धरून उभं राहिलेलं पाहिलंय. तळवा लाल, मनगट निळं. मास्तर ओरडेपर्यंत हलला नाही.

मँटने आत्महत्या केली म्हणतात?

तो १८८१ मध्ये वारला, म्हणजे राजवाडा पुरा व्हायच्या आधी. आपल्या इमारतींचं गणित चुकलंय, त्या कोसळणार, या भीतीने त्याला ग्रासलं होतं असं सांगतात. गोष्ट तिखटमीठ लावून फिरते. एका गाइडने आमच्या पाहुण्यांना तो याच मनोऱ्यावरून उडी मारून मेला असं ठोकून दिलं होतं. मनोरा तेव्हा पुरा तरी झाला होता का, एवढं तरी विचारायचं! इमारती मात्र सगळ्या जागेवर आहेत.

शाहू महाराज इथेच राहायचे का?

राजवाडा त्यांचाच. राजकोट आणि धारवाडला शिक्षण घेऊन ते २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार पाहू लागले, आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत वारले. पण पॅलेसमध्ये बसून राहणारा हा राजा नव्हता. सोनतळीच्या कॅम्पवर, शिकारीला, कुस्तीच्या हौद्याशी, बोर्डिंगांमध्ये त्यांचा जीव रमे. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. ज्या घराचा पाया इंग्रज देखरेखीत घातला गेला, त्या घराच्या मालकाने असा हुकूम काढावा, हे मँटच्या आराखड्यात कुठे होतं?

संग्रहालयात एवढे मेलेले प्राणी का?

तळमजल्यावर श्री छत्रपती शहाजी म्युझियम आहे. शस्त्रं, पोशाख, पत्रं, आणि वाघ, बिबटे, गवे. शिकार हा तेव्हा राजेलोकांचा इंग्रजांशी सलगीचा मार्गही होता. कोल्हापुरात तर पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार चाले, चित्ते सांभाळणारे चित्तेवान होते. चित्ते गेले, चित्तेवान हे आडनाव राहिलं. प्राण्यांच्या अवयवांपासून केलेल्या वस्तू पाहून कुणाच्या पोटात कालवलं तर त्यात वावगं काही नाही. माझ्याही कालवतं. पण झाकून ठेवण्यापेक्षा दिसलेलं बरं.

वरच्या मजल्यावर जाता येतं का?

नाही. तिथे छत्रपती घराणं राहतं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं, पण घर घरच राहिलं.

आजही राजेशाही थाट बघायला मिळतो का?

दसऱ्याला या. जुन्या राजवाड्यातून भवानीची पालखी निघते, देवळातून अंबाबाईची. दसरा चौकात लाखभर डोळे वाट बघत असतात. छत्रपती भगव्या रंगाच्या जुन्या मेबॅक मोटारीतून येतात. जर्मन बनावटीची गाडी, तिच्यात फेटा बांधलेले महाराज, समोर शमीपूजन. सूर्य मावळताना सोनं लुटायची झुंबड उडते. पालखी जुन्या वाड्याची, मोटार नव्या वाड्याची.

शालिनी पॅलेसचं काय?

१९३१ ते १९३४ मधला, राजकन्या शालिनीराजे यांच्या नावाचा, रंकाळ्याच्या काठी. १९८७ मध्ये तिथे हॉटेल झालं. तळ्यापलीकडून, संध्याकाळी, भेळ खात बघावा.

एकाच दिवसात सगळं बघायचं तर कुठून सुरुवात करू?

सकाळी लवकर अंबाबाई, तिथून चालत भवानी मंडप. मग टाउन हॉल, ब्रह्मपुरीची मूर्ती आणि मँटची पहिली कारागिरी एकत्र. न्यू पॅलेस त्यानंतर. उलट्या क्रमाने गेलात तर जुना वाडा 'मोडका' वाटेल. संग्रहालयात फोटो काढू देत नाहीत, कटकट करू नका.

लहान मुलं कंटाळतील का?

आवारात हरणं आहेत, तळं आहे. कंटाळणार नाहीत. निघायचं नाव काढलं की रडतील.